दुकानाची पायरी न चढलेलं गिऱ्हाईक

दादाच्या खताच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी नाक झोंबायचं आणि मग डोळे अंधाराला सरावायचे. छतापर्यंत गेलेल्या पोत्यांच्या थप्प्या, पायाखाली करकरणारे सांडलेले पांढरे दाणे, आणि गल्ल्यामागे बाबांचं लाकडी स्टूल. त्याचा एक पाय बाबांच्या हयातीतच आखूड झाला होता आणि त्याखाली सारलेली पुठ्ठ्याची घडीही बाबांच्याच हातची होती. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी दादाने ती घडी बदलली नव्हती. खरं सांगायचं तर दादाने काहीच बदललं नव्हतं. लोखंडी तराजू तोच, पोती ओढायचा आकडा तोच, आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकणारा पत्र्याचा झाकणाचा डबाही तोच. त्या डब्यात दादा पोती शिवायच्या सुया आणि सुतळी ठेवायचा.

असा हा सुखाने जुनाट झालेला माणूस. त्याला त्याच्या धाकट्या बहिणीने एके दिवशी, ऐन गिऱ्हाइकांच्या गर्दीत, सांगितलं की दुकान चालवायची पद्धतच बदलायला हवी.

बहिणीला घरात सगळे अजून चिमणी म्हणत. चिमणीने चाळिशी पार केली होती, तिला चष्मा होता, आणि दूरच्या शहरात मातीची तब्येत मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या ऑफिसात ती मोठ्या हुद्द्यावर होती. पण दादाच्या लेखी ती अजून पोत्यांच्या थप्पीवर चढून बसणारी आणि मग उतरता येत नाही म्हणून भोकाड पसरणारी चिमणीच. लांबलचक रजा काढून ती आली होती आणि येताना खोकंभर यंत्रं घेऊन आली होती. एकेक यंत्र म्हणजे हातभर लांबीची टोकदार दांडी आणि तिच्या डोक्यावर काडेपेटीएवढी डबी. चिमणी त्याला सेन्सर म्हणायची. दादाने पहिल्याच दिवशी त्याला खुंटी म्हटलं आणि मग साऱ्या बाजारपेठेने तेच उचललं.

“ही जमिनीत रोवायची,” चिमणी समजावून सांगायची. “ओल किती, क्षार किती, सगळं कळतं. आणि मुख्य म्हणजे मातीतले बारीक जीव श्वास घेतात ना, तोही ही मोजते. सगळं मिळून फोनवर एक रंग दिसतो. हिरवा म्हणजे माती जिवंत आहे. पिवळा म्हणजे दमलीये. लाल म्हणजे नुसती उभी आहे.”

“नुसती उभी म्हणजे?”

“म्हणजे तू पोती ओततोस म्हणून पीक येतं. पोतं थांबलं की पीकही थांबलं.”

“मग थांबवायचं कशाला?” दादाने विचारलं. पोती विकणारा माणूस, तो दुसरं काय विचारणार.

चिमणीचा बेत ऐकायला सरळ होता. दुकानाने पोतं विकून जगायचं सोडून माती सांभाळून जगायचं. शेतकऱ्याने दुकानाला वर्षाची ठरलेली फी द्यायची. त्या बदल्यात दुकानाने त्याच्या शेतात खुंट्या लावायच्या, कधी काय आणि किती घालायचं ते सांगायचं, पालापाचोळ्याचं आणि शेणाचं खत इथल्या इथे तयार करून बांधावर पोचवायचं. माती जसजशी सुधारेल तसतशी पोती कमी लागतील, आणि जेवढी बचत होईल तिच्यातला एक वाटा दुकानाचा.

“आत्ता कसंय, माती जितकी आजारी तितका आपला धंदा जोरात,” ती म्हणाली. “गिऱ्हाइकाच्या दुखण्यावर जगतोय आपण, दादा. त्याच्या तब्येतीवर जगून बघू की.”

“म्हणजे बाबांनी जन्मभर लोकांच्या गळ्यात दुखणं बांधलं, असंच ना?”

“मी बाबांचं नाव तरी घेतलं का?”

“घ्यायला कशाला लागतं? हे स्टूल कोणाचं आहे?”

खरी गोम इथे होती. दादाला तोट्याची फारशी भीती नव्हती. तो मुळात हिशेबी माणूस नव्हता आणि वहिनी होती म्हणून घर चाललं होतं. पण बाबा म्हणजे त्या बाजारपेठेतला शब्दाला पक्का माणूस. लोक त्यांना विचारून पेरणी करत. त्यांचं दुकान मोडून दुसऱ्या रीतीने मांडायचं म्हणजे बाबा चुकले असं भर चौकात कबूल करायचं, आणि ते दादाच्या जिवावर आलं होतं.

त्यात समोर बसायला पण-काका. दुकानाच्या दाराशी एक पोतं पालथं घालून त्यावर बसणारे हे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या तोंडून ‘पण’ शिवाय वाक्य निघत नसे, म्हणून हे नाव. “पण दादा,” ते म्हणाले, “पोरगी शिकलेली आहे हे मान्य. पण तुझ्या स्वतःच्या शेतात तू तुझीच पोती घालतोस. पण तिथे खुंटी काय म्हणते ते आधी बघ, मग आम्हाला सांग.”

हा तोडगा वहिनीलाही पटला, कारण नणंद-भावजयीच्या त्या घरात दोघी एका बाजूला असत आणि दादा एकटा पडे. आतून वहिनीला वाटत होतं की चिमणीचा बेत जमावा आणि ती इथेच राहावी. वरच्या मजल्यावरची आईची खोली तिने पुसूनही ठेवली होती. तर ठरलं असं की दादाच्या शेतात खुंटी लावायची. लाल आलं तर दादाने चिमणीचं ऐकायचं. हिरवं आलं तर दुकान जसं आहे तसं, आणि चिमणीने आपली खुंट्यांची पेटी उचलून नोकरीवर परत जायचं.

“मग हिरवं यायला मी काय करायचं?” दादाने विचारलं.

“काही नाही. शेताच्या मधोमध रोवायची. जिथली माती सगळ्या शेतासारखी असेल तिथे.”

“तू नाही येणार?”

चिमणी पेटीतल्या खुंट्या मोजू लागली. “तू लाव. मी बाकीच्यांच्या शेतात लावते.”

ती का येत नाही हे दादाला कळलं आणि त्याने पुढे विचारलं नाही. त्यांचं लहानपण त्या शेतातल्या घरात गेलं होतं. पुढे बाबांनी दुकानावर माडी चढवली, सगळे तिथे राहायला आले आणि शेतातलं घर पाडून विटासुद्धा वापरून टाकल्या. आई मात्र रोज न चुकता शेतात जायची. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि तेव्हापासून चिमणीने त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा स्कूटरवर खुंटी आणि पहार घेऊन शेतावर गेला. पीक निघून गेलं होतं आणि रान मोकळं होतं. पावलं मोजत तो बरोबर मध्यावर जाऊन उभा राहिला, कारण दादा आळशी असला तरी लबाड नव्हता. त्याने खुंटीचं टोक टेकवून दाबलं. खुंटी जाईना. मग पहार उचलून हाणली, तर पहार टणकन उसळली आणि त्याच्या मनगटाला झिणझिण्या आल्या. दहा पावलं डावीकडे, दहा पावलं उजवीकडे, सगळीकडे तीच गत. घामाने अंगरखा पाठीला चिकटला. शेवटी त्याने पहार खांद्यावर टाकली आणि तो सावलीला गेला.

शेताच्या त्या टोकाला एक लिंबाचं झाड आणि त्याखाली धुणं धुवायचा दगड, एवढंच काय ते जुन्या घरातलं उरलं होतं. दगडामुळे ट्रॅक्टर तिथे वळसा घालून जायचा. दादा दगडावर बसला. बसल्या बसल्या त्याने सहज, हातातली काठी टेकवावी तशी, खुंटी समोरच्या गवतात टेकवली. ती आपोआप आत गेली. त्याने जरा रेटलं, तर डबीपर्यंत सरळ खाली उतरली. एवढं सोपं काम त्या दिवसात दुसरं कुठलंच झालं नव्हतं.

तो आईचा वाफा होता.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून आई तिथे सगळं टाकायची. भाज्यांची सालं, अंड्यांची टरफलं, चुलीची राख, झाडलेली पानं, भांडी विसळलेलं पाणी. त्यातून जे उगवायचं ते घरात शिजायचं. चिमणी तिथे मातीचे लाडू वळायची आणि दादाला खायला लावायची, आणि दादाने एकदा खरंच खाल्ला होता. बाबा शेतात पोती घालायचे, पण वाफ्यात दाणासुद्धा पडू द्यायची आईची तयारी नसायची. बाबा जेवताना आलेल्या-गेलेल्यांना सांगायचे, “साऱ्या पंचक्रोशीला मी खत विकतो, पण घरातलं एक गिऱ्हाईक काही माझ्या दुकानाची पायरी चढत नाही.” आई पोळी उलटत म्हणायची, “माझ्या वाफ्याला बाहेरचं खायची सवय नाही.” आणि तेच बाबा रोज संध्याकाळी दुकान बंद करून येताना शेजारच्या चहाच्या टपरीवरचा दिवसभराचा चोथा पत्र्याच्या डब्यात भरून आणायचे. सायकलवर सांडू नये म्हणून त्याचं झाकण घट्ट बसवलेलं असायचं. आई मागच्या दारात हात पुढे करून उभी असायची. डबा हातात घेताना ती बाबांकडे बघून जशी हसायची, तसं हसताना दादाने तिला एरवी फारसं पाहिलं नव्हतं.

दादा त्या दगडावर बराच वेळ बसून राहिला. आईची फार आठवण आली. मग उठून, गवत नीट करून, खुंटीची डबी तेवढी उघडी ठेवून तो घरी आला. शेत आपलंच, माती आपलीच, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि तेवढ्यावर भागलं.

चिमणीने विचारलं, “लावलीस? मधोमध?”

“लावली,” दादा म्हणाला. अर्ध्या प्रश्नाचं उत्तर खरं होतं.

आठवडाभरात चिमणीने बाकीच्या शेतांत खुंट्या लावल्या आणि रंग दिसू लागले. पण-काकांचं शेत लाल. त्यांच्या शेजाऱ्याचं लाल. एकाचं पिवळं, तेही कडेकडेला. आणि दादाचं शेत हिरवंगार. चिमणीने फोन दोनदा बंद करून चालू केला. चष्मा पुसून पाहिलं. रंग हलला नाही. श्वासाची रेघ तर अशी वर गेली होती की ऑफिसातही आपण अशी माती फारशी पाहिली नाही, असं ती म्हणाली.

बातमी बाजारपेठेत पसरायला वेळ लागला नाही. पण-काकांनी पोत्यावर बसल्या बसल्या निकाल लावला. “म्हणजे पोत्यात खोट नाही. पण मग खोट आमच्यात. आम्हीच कमी घालत असू.” आणि त्यांनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त पोती उचलली. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघांनी. दुकानात अशी गर्दी बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. दादा तराजूपाशी उभा राहून दिवसभर हसत होता आणि संध्याकाळी त्याला जाणवलं की आपले गाल दुखताहेत पण आतून आनंद काही झालेला नाही.

रात्रीच्या जेवणाला चिमणी खाली मान घालून बसली होती. “मशीन खोटं बोलत नाही,” ती म्हणाली. “मी चुकले, दादा. बाबांच्या दुकानाबद्दल बोलायला नको होतं.”

“अगं, तसं काही नाही.”

“नाही, खरंच. मला वाटत होतं की मला इथलं सगळं कळतं. बाहेर राहून माणसाला असं वाटतं.” ती हसली. “मनात होतं की आईच्या खोलीत राहायचं, खाली दुकानात तुझ्याशेजारी बसायचं. जाऊ दे. परवाच्या गाडीने निघते.”

वहिनीने वाढता वाढता पातेलं जरा जोरातच ठेवलं. दादा ताटातला भात नुसता चिवडत राहिला. एवढा सरळ विजय त्याच्या वाट्याला आयुष्यात आला नव्हता आणि तो त्याला पचत नव्हता. आता बोलावं तर बाबांचं दुकान जातं. गप्प बसावं तर चिमणी जाते. बाबा तर काही परत यायचे नव्हते. पण त्यांच्या स्टुलावर बसून त्यांनाच खोटं पाडायचं हे काही त्याच्या जिभेवर येईना.

“मी काय म्हणते,” वहिनी भांडी आवरताना त्याला एकटा गाठून म्हणाली, “तुमचं तोंड जिंकलेल्या माणसाचं नाहीये.”

“दिवसभर उभा होतो म्हणून.”

“असेल,” वहिनी म्हणाली, आणि तिने त्याला पुसायला फडकं दिलं. जिंकलेल्या माणसाला ती फडकं देत नसे.

निघायच्या दिवशी सकाळी चिमणीने पेटी भरली आणि एक जागा रिकामी राहिली. “तुझ्या शेतातली खुंटी घ्यायला हवी. ऑफिसची आहे, मोजून द्यावी लागते.”

“राहू दे. मी पाठवून देईन.”

“नको. जाऊन येऊ,” ती म्हणाली. “तसंही जाण्याआधी एकदा जायचंय. किती दिवस टाळणार?”

स्कूटरवर मागे बसून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, लहानपणी सायकलवर ठेवायची तसा. त्या हातामुळे दादाला आणखीच बोलता येईना. सारा रस्ता तो वाक्य जुळवत होता. बाजारपेठ संपली, वीटभट्टी गेली, कालव्याचा पूल गेला, आणि वाक्य काही जुळलं नाही. शेताच्या बांधाशी स्कूटर लावली तेव्हा चिमणी मध्यावर नजर टाकून म्हणाली, “कुठे दिसत नाही.”

दादा लिंबाच्या झाडाच्या दिशेने चालू लागला. थोडं मागून ती. दगड दिसला तशी ती थांबली. मग हळूहळू पुढे आली आणि दगडावर बसली. बराच वेळ तिने फक्त दगडावरून हात फिरवला. आईच्या हाताने मधे गुळगुळीत झालेला भाग तिच्या बोटांना बरोबर सापडला होता. मग तिची नजर गवतातल्या काडेपेटीएवढ्या डबीवर गेली.

ती खाली वाकली. खुंटीशेजारी तिने बोटं घातली तर मनगटापर्यंत हात आत गेला. ओंजळभर माती वर आली. काळी, भुसभुशीत, पावसाचा थेंब नसतानाही ओलसर. त्यात एक गांडूळ वळवळत होतं, अंड्याच्या टरफलाचा तुकडा होता, आणि एक निळं बटण. ते बटण बाबांच्या दुकानात घालायच्या सदऱ्याचं होतं. तसं निळं बटण त्या घरात दुसऱ्या कोणाच्या कपड्याला नव्हतं.

“दादा,” ती म्हणाली, “तू हिला आईच्या वाफ्यात लावलंस.”

“मधे पहार जात नव्हती गं.”

“पहार जात नव्हती.”

“नाही. उसळत होती. हाताला झिणझिण्या आल्या.”

“अरे, पहार जात नाही हेच तर मी महिनाभर सांगतेय,” चिमणी म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिचा चष्मा घसरला, आणि मग ती रडत होती. तीन वर्षांचं साठलेलं होतं, ते एका बैठकीत निघालं. दादा तिच्याशेजारी दगडावर बसला. दगड एका माणसापुरताच होता, त्यामुळे दोघंही अर्धेमुर्धे अधांतरी बसले होते.

“मला आधीच सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “पण मग बाबा...”

“बाबांचं काय?”

“बाबा चुकले असं झालं असतं ना.”

चिमणीने ओंजळ त्याच्यापुढे धरली. “ह्यात बाबांचं बटण आहे. आणि हा जो काळेपणा आहे ना, ह्यातला निम्मा त्यांच्या डब्यातून आलाय. रोजचा डबा, आठवतोय ना? मी खुंट्या कुठे कुठे लावल्या, सगळीकडे त्यांनी दमलेली नाहीतर मेल्यासारखी माती दाखवली. साऱ्या शिवारात त्यांना जिवंत माती एकच सापडली, आणि ती आईबाबांनी मिळून केलेली निघाली. आणि तू म्हणतोस बाबा चुकले.”

दादाने ती माती तिच्या ओंजळीतून आपल्या हातात घेतली आणि हुंगली. लहानपणी मागच्या दारात यायचा तोच वास होता. खुंटीच्या डबीला जे कळलं ते आपल्याला त्या दगडावर बसूनही कळू नये, याची त्याला लाज वाटली, आणि थोडा आनंदही झाला. तो आनंद आठवडाभर अडकून बसला होता.

मग त्याने बटण पुसून खिशात टाकलं, वाकून खुंटी उपटली आणि तो शेताच्या मध्याकडे निघाला. जाताना बांधावर पडलेली बादली शेजारच्या कालव्यातून भरून घेतली. मधोमध त्याने पाणी ओतलं, ते कितीतरी वेळ वरच तळ्यासारखं उभं राहिलं. दोघं भाऊबहीण उकिडवे बसून ते पाणी आत जायची वाट बघत राहिले. शेवटी कशीबशी खुंटी रोवली गेली. फोनवर थोड्या वेळाने रंग आला. लाल.

“भडक आहे,” दादा म्हणाला.

“चांगलाच.”

“पण-काकांपेक्षाही?”

“पण-काका तुझ्यापेक्षा कमी पोती घालतात.”

“किती दिवस लागतील वाफ्यासारखी व्हायला?”

“दिवस नाही, वर्षं. आईला किती लागली असतील?”

“मग आजची गाडी जाऊ दे,” दादा म्हणाला. “तू कुठे जातेस आता? हे मला एकट्याला जमणारे का?”

चिमणीने चष्मा पुसून नाकावर चढवला आणि घड्याळ बघायचं सोडून दिलं.

दुकानी परत आले तेव्हा दारात पण-काका पोत्यावर बसलेलेच होते, हिरव्या शेताचा दाखला देऊन कोणाला तरी आणखी पोती घ्यायला लावत होते. दादाने त्यांना सगळं सांगून टाकलं. वाफा, पहार, लाल रंग, काही ठेवलं नाही. शिवाय आठवड्यात ज्यांनी जास्तीची पोती नेली ती परत आणली तर घेईन, असंही जाहीर केलं. आतून वहिनीने हे ऐकलं आणि मनात आलेला हिशेबाचा विचार बाजूला सारला. वर जाऊन तिने आईच्या खोलीची खिडकी उघडली.

“पण,” पण-काका म्हणाले, आणि पुढे काय म्हणावं याचा विचार करू लागले.

दादा गल्ल्यामागे गेला. खिळ्यावरचा डबा त्याने काढला, सुया आणि सुतळी स्टुलावर ओतली, आणि डबा घेऊन शेजारच्या चहाच्या टपरीवर गेला. टपरी आता जुन्या चहावाल्याचा मुलगा चालवायचा, दादाच्याच वयाचा. डबा पाहताच त्याने न विचारता चोथ्याची बादली पुढे ओढली.

“खूप वर्षांनी आला हा डबा,” तो म्हणाला. “आमचे वडील गल्ल्यावर आणि मी भरायला, असं चालायचं. तुमचे बाबा झाकण मात्र स्वतः बसवायचे. दोनदा दाबून बघायचे.”

“सायकलवर सांडू नये म्हणून,” दादा म्हणाला.

“छे. सांडायचं काय त्यात, पिळून दिलेला चोथा तो.” चहावाला हसला. “गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून. म्हणायचे, खतवाल्याच्या घरी काय जातं हे लोकांना कळलं तर माझी पोती कोण घेईल? हसायचे असं म्हणून. पण झाकण लावल्याशिवाय कधी बाहेर पडले नाहीत.”

दादा भरलेला डबा हातात घेऊन उभा राहिला. बाबांना सगळं माहीत होतं तर. जन्मभर ते दोन्ही करत राहिले, दिवसा पोती आणि संध्याकाळी डबा, आणि मधे एक झाकण. दादाला त्यांचा राग आला नाही. एवढं ओझं त्यांनी एकट्याने सायकलवर वाहिलं याचं वाईट मात्र फार वाटलं. आपल्याला जे चिमणीमुळे बोलता आलं ते बोलायला त्यांच्याजवळ कोणी नव्हतं.

चहावाल्याने झाकण पुढे केलं. दादाने ते घेतलं आणि खिशात, निळ्या बटणाशेजारी, घातलं. ते निम्मं बाहेरच राहिलं. मग भर बाजारपेठेतून, उघडा डबा छातीशी धरून, तो आपल्या दुकानाच्या पायरीशी आला. वाफ निघत होती आणि वास सगळीकडे पसरला होता. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. चिमणी बाबांच्या स्टुलाशेजारी उभी होती, तिने डबा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

पण-काकांनी मान लांब करून डब्यात पाहिलं.

“चोथा आहे,” दादा म्हणाला. “आईच्या वाफ्यासाठी. बाबा रोज न्यायचे.”

“पण झाकण कुठाय?”

“आता नाही लागत,” दादा म्हणाला, आणि डबा त्याने गल्ल्यावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला.